सरकवलेली सुपारी

अकोला
रविवार, ७ ऑगस्ट १९६६

बंडूदादा,

नमस्कार करतो. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

बारा वर्षांत मी तुला पाच-सहा पत्रं लिहिली असतील. सगळी कामाची. माझं लग्न, मुलीचं बारसं, आईचं वर्षश्राद्ध. या पत्राला काही निमित्त नाही. सख्ख्या भावाला बिननिमित्ताचं पत्र लिहायचा हक्क मी कधीच घालवला, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो.

मे महिन्यात कॉलेजनं मला सहा आठवड्यांच्या एका वर्गाला दूर पाठवलं होतं. उन्हाळ्याची सुटी घालवायला गणिताच्या खात्यातला दुसरा कोणी तयार नव्हता, म्हणून मी. तिथे एक कॉम्प्युटर आहे. एका खोलीएवढा. त्याला थंड हवा लागते, आणि आपल्या घरात कोणाचे झाले नसतील एवढे त्याचे लाड होतात. त्याला काम सांगायची एक वेगळी भाषा असते, फोरट्रान नावाची. ती शिकून आलो आणि आता इथे चौदा मुलामुलींना शिकवतो. अडचण एवढीच की अकोल्यात कॉम्प्युटर नाही. मुलं कागदावर लिहितात, मी तो गठ्ठा टपालानं पाठवतो, तिकडे कोणीतरी जाड कागदाच्या पत्त्यांवर भोकं पाडून ते यंत्राला भरवतं, आणि तीन आठवड्यांनी छापील कागद परत येतो. हॉटेलात चहा सांगावा आणि तो पुढच्या महिन्यात यावा, असं चाललंय.

परवा लूप शिकवायचा होता. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेणं. यंत्राकडून शंभर ओळी छापून हव्या असतील तर शंभरदा 'छाप' लिहायचं नाही. एकदाच लिहायचं आणि सोबत एक मोजणारा ठेवायचा. मोजणारा म्हणजे यंत्राच्या पोटातला एक खण, त्यात एक आकडा. सुरुवातीला एक. ओळ छापून झाली की त्यात एक मिळवायचा आणि विचारायचं, शंभराच्या पुढे गेला का? नाही, तर परत वर जा. गेला, तर फेऱ्यातून बाहेर पड. यातलं काही विसरलं की फजिती. तिकडे पहिल्याच आठवड्यात मी एक मिळवायलाच विसरलो. मोजणारा बसला एकवर, आणि यंत्र माझं नाव छापत सुटलं ते चालवणाऱ्यानं हातानं बंद करेपर्यंत. तो म्हणाला, "फार आवडतं वाटतं तुम्हाला स्वतःचं नाव."

हे सगळं सांगितलं तरी वर्गातले चेहरे कोरेच. मग माझ्या तोंडून निघून गेलं. म्हणालो, समजा अथर्वशीर्षाची शंभर आवर्तनं करायची आहेत. एक जण म्हणतो, दुसरा मोजतो. मोजणाऱ्यापुढे दहा दुर्वा आणि दहा सुपाऱ्या. एक आवर्तन झालं की एक दुर्वा डावीकडून उजवीकडे. दहा दुर्वा झाल्या की त्या सगळ्या परत डावीकडे आणि एक सुपारी उजवीकडे. दहावी सुपारी गेली की शंभर. दुर्वांचा फेरा आत, सुपाऱ्यांचा बाहेर. म्हणणाऱ्यानं मोजायचं नाही. आणि फेरा चालू असताना मोजणीला मधेच कोणी हात लावायचा नाही. हा बाबांचा नियम आणि फोरट्रानचाही.

चेहरे उजळले. वर्गात जहाँआरा म्हणून एक मुलगी आहे, ताजनापेठेतल्या अत्तरवाल्यांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. अथर्वशीर्ष तिनं कधी ऐकलं नसेल, पण सगळ्यांत आधी तिलाच समजलं. तिनं हात वर केला.

"सर, मोजनाऱ्यानंच गडबड केली तर मशीनले समजते का?"

"नाही. मशीन मोजणाऱ्यावर विश्वास ठेवतं."

"मग गलत निघालं तर पकडल्या कोन जाते?"

मी घड्याळ पाहिलं आणि वर्ग सोडला. अजून पंधरा मिनिटं बाकी होती.

बाबांना धाप लागते, बाकी ठीक. सिंधूवहिनींना नमस्कार सांग.

वसंत


अकोला
२८ ऑगस्ट

दादा,

तुझं उत्तर नाही. ते यावं असं मी काही केलेलंही नाही.

तुला माहीत असलेलीच गोष्ट पुन्हा लिहितो. मला ती एकदा माझ्या अक्षरात पाहायची आहे.

१९५४ चा श्रावण. अमरावतीत आपल्या राजापेठेतले खुशालराव वकील मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या बायकोनं, रुख्मिणीबाईंनी, गणपतीला सहस्रावर्तन बोललं. रोज शंभर, असे दहा दिवस. बाबांनी तुला पाटावर बसवलं, कारण अख्ख्या राजापेठेत तुझ्यासारखा आवाज कोणाचा नव्हता. मला मोजायला बसवलं, कारण मी इंटरला गणितात पहिला आलो होतो आणि बाबांना ते येईल त्याला दाखवायचं असायचं. तू डोळे मिटून म्हणायचास. पहिल्या दहा-पंधरा आवर्तनांनंतर तुला आजूबाजूचं काही कळत नसे. मी दुर्वा आणि सुपाऱ्या सरकवायचो. शंभर झाली की तुझ्या गुडघ्याला हात लावायचो, तू फलश्रुती म्हणायचास आणि आपण उठायचो.

दहाव्या दिवशी समाप्तीला रुख्मिणीबाई पितळी डबी घेऊन बाहेर आल्या. आपल्याला कोणालाच माहीत नव्हतं, पण आतल्या खोलीत नवऱ्याच्या उशाशी बसून त्या प्रत्येक आवर्तनाला हळद लावलेला एक तांदूळ त्या डबीत टाकत होत्या. बाबांना म्हणाल्या, "मोरोपंत महाराज, हजार नाही झाले. नऊशे नव्वद हायेत."

सुपाऱ्यांचा हिशेब तर रोज शंभराचा होता. म्हणजे एक तर बाईंचं चुकलं होतं, नाहीतर आपलं. त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी तुला सांगितलं, "पुन्हा पाटावर बसू नको." पुढच्या आठवड्यात खुशालराव गेले. लोकांनी दोन्हींची सांगड घातली. तू बडनेऱ्याला रेल्वेत लागलास, नंबर टेकर म्हणून. मोजता येत नाही असा ठपका ज्याच्यावर आला, तो बारा वर्षं यार्डात मालगाडीच्या डब्यांचे नंबर टिपतोय.

दादा, त्या दहांतल्या सहाव्या दिवशी मला ताप होता. डोकं जड होतं. आठवी सुपारी सरकवताना चुकून नववीही सरकली असावी. एवढंच सांगायचं होतं.

वसंत


अकोला
२५ सप्टेंबर

दादा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मला ताप नव्हता.

परवा तिकडून छापील कागद आले. मुलांना काम दिलं होतं की दहाच्या फेऱ्यात दहाचा फेरा घालून शंभर ओळी छापा, आणि शेवटी एकूण किती झाल्या तेही छापा. जहाँआराच्या कागदावर खाली शंभर असा आकडा होता. मी बरोबरची खूण करणार तेवढ्यात ती म्हणाली, "सर, ओळी मोजा ना."

मोजल्या. नव्वद भरल्या.

तिनं मुद्दाम केलं होतं. मोजणी तिनं फोरट्रानच्या तयार लूपवर न सोडता स्वतःच्या हातानं लिहिली होती, आणि बाहेरचा मोजणारा चारवर आला की त्यात एकाऐवजी दोन मिळवायला सांगितले होते. एकूण आकडा काढायचा तो मोजणाऱ्यावरून. यंत्रानं निमूट नव्वद ओळी छापल्या आणि खाली शंभर लिहून मोकळं झालं.

"पाहाचं होतं सर, पकडते का ते," ती म्हणाली. "नाही पकडत. पन मशीन झूट नाही बोलली. झूट मी लिहिलं, तिनं फक्त वाचलं."

मुलं हसली. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, आणि बराच वेळ पुसलेला फळाच पुसत होतो.

तर ऐक. सहाव्या दिवशी दुपारी सिनेमाचा तीनचा खेळ होता. कॉलेजातला एक मित्र सायकल घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबणार होता. आठवं दशक संपलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजून गेले होते. मी आठवी सुपारी सरकवली आणि तिच्याबरोबर नववीही. चुकून नाही. बोटानं नीट ढकलून. तुझे डोळे मिटलेले होते. त्यामुळे वीस मिनिटं वाचली. थेटरवर पोचलो तर तिकिटं संपलेली. आम्ही समोर चहा प्यालो आणि परत आलो. दादा, तुझं सगळं आयुष्य मी कशासाठी घालवलं, तर त्या एका कप चहासाठी. तो सिनेमा मी आजपर्यंत पाहिलेला नाही.

आणि हे अजून सोपं आहे. अवघड पुढंच आहे. समाप्तीच्या दिवशी बाबांनी देवघरात आपल्या दोघांना उभं केलं आणि मला विचारलं. तेव्हा जर म्हणालो असतो की माझी एक सुपारी जास्त सरकली, तर मला एक थोबाडीत बसली असती आणि राहिलेली दहा आवर्तनं तू अर्ध्या तासात पुरी केली असतीस. मी म्हणालो, "सुपाऱ्या बरोबर हायेत बाबा. दादा मधी मधी नुसते ओठ हलवे. आवाज नव्हता."

तू एकदाच "नाही" म्हणालास. बाबांनी माझं ऐकलं, कारण मोजणारा मी होतो.

मी खोटं बोललो हे तुला तेव्हाच कळलं होतं. का बोललो, ते आज सांगतो. मी भ्यालो होतो. दुसरं कारण नाही. मग राजापेठेत तुला 'ओठहल्या' नाव पडलं. कॉलेजात एकदा कोणीतरी ते नाव घेतलं तेव्हा हसणाऱ्यांत मीही हसलो. हेही लिहून ठेवतो, राहून जायला नको.

अकोल्याहून अमरावतीला जाताना गाडी बडनेऱ्यात शिरते, तेव्हा मी यार्डाच्या उलट्या बाजूच्या खिडकीशी बसतो. तिकडे जागा नसली तर उभा राहतो. बारा वर्षं हेच चाललंय.

वसंत


अकोला
१६ ऑक्टोबर

दादा,

सिंधूवहिनींचं कार्ड आलं. त्यांनी लिहिलंय, "भाऊजी, तुमची पत्रं हे वाचतात अन् जेवणाच्या डब्यात घालून ड्यूटीवर नेतात. बोलत काहीच नाहीत. मी एकच सांगते. यांना खरं काय ते पहिल्यापासून माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

तीन ओळींत वहिनींनी मला नेमकं पकडलं. जो मला शिक्षा करणार नाही अशा एकट्यालाच मी सगळं सांगत बसलोय.

बाबा अठ्ठ्याहत्तरचे झाले. डॉक्टर म्हणतात हृदय कमजोर आहे, धक्का बसेल असं काही बोलू नका. किती सोयीचं आहे बघ. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा अजून सांगतात, आमचा वसंता आकड्यात खोटं बोलत नाही. आणि ते असेच गेले तर तू त्यांच्या लेखी कायमचा ओठ हलवणारा राहशील. हे मला दिसतं. दर शनिवारी ठरवतो की उद्या अमरावतीला जाऊन सांगायचं. रविवारी सकाळी पिशवी भरतो आणि पुन्हा रिकामी करतो. मोजणाऱ्यात एक मिळवायचाच राहतोय, दादा.

दिवाळीला सांगीन. तुझ्यापुढे शब्द देतो. माझ्या शब्दाची किंमत तुझ्याइतकी कोणालाच ठाऊक नाही, म्हणूनच तुझ्यापुढे.

वसंत


अकोला
२० नोव्हेंबर

दादा,

भाऊबीजेच्या सकाळी सांगितलं. बाबा अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. मी सगळं एका दमात बोललो, थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो. त्यांचा हात थांबला.

"कितीचा होता खेळ?"

"तीनचा."

"पाह्यला?"

"नाही. तिकिटं संपली होती."

त्यांनी अडकित्ता मिटून डब्यात ठेवला. जेवायची वेळ झाली. मी वाढलेलं पान त्यांनी बाजूला सारलं आणि स्वतःच्या हातानं दही-भात कालवून खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर जायचं धोतर नेसून पायरीवर येऊन उभे राहिले. "टांगा बोलाव. बडनेऱ्याले जाऊ."

पुढचं तू पाहिलंस, पण सगळं नाही. तुझी पाठ होती, म्हणून लिहितो. आम्ही यार्डात आलो तेव्हा तू मालगाडीच्या इंजिनाकडच्या टोकाला होतास. पहिल्या डब्याचा नंबर वाचून वहीत टिपत होतास. मी हाक मारायला तोंड उघडलं तर बाबांनी माझं मनगट धरलं. "मोजनाऱ्याले मधी हाक मारू नये. तुले शिकवलं नव्हतं काय मी?"

मग ते उन्हात उभे राहिले. तू डब्यामागून डबा पुढे गेलास आणि बाबा काठी टेकत, खडीवरून, तुझ्यामागे वीस पावलांवर चालत राहिले. धाप लागली की थांबायचे. बसा म्हटलं तर बसले नाहीत. मी मोजलं नाही, पण पन्नासच्या आसपास डबे असतील. तू गार्डाच्या डब्यापाशी पोचलास, वही मिटलीस, पेन्सिल कानावर ठेवलीस आणि वळलास, तेव्हा ते तुझ्यासमोर होते.

"बंडू," ते म्हणाले, "पाट रिकामाच आहे रे."

तू त्यांच्या पायांवर डोकं ठेवलंस. "ड्यूटी आहे, बाबा," एवढंच म्हणालास आणि ऑफिसकडे गेलास. माझ्याकडे पाहिलंस, पण तिथे कोणी नसावं तसं. ते बरोबरच होतं. परतताना टांग्यात बाबांचे डोळे वाहत होते आणि ते पुसतही नव्हते. म्हणाले, "म्या सुपाऱ्या पाह्यल्या. पोराचं तोंड नाही पाह्यलं."

त्यांना माझा राग आला असता तर बरं वाटलं असतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि ती माझ्यामुळे वाटली.

दुसऱ्या दिवशी एकटा रुख्मिणीबाईंकडे गेलो. त्यांनी ओळखलं, पाट दिला, फराळाची ताटली पुढे ठेवली. मी ताटलीला हात न लावता सांगितलं. त्या आत गेल्या. मला वाटलं आता येणार नाहीत. आल्या त्या तीच पितळी डबी घेऊन. झाकण उघडून माझ्यापुढे ठेवली. तांदूळ पार फिकट झालेत.

"इतके वर्स मले वाटे, माझंच मोजनं चुकलं असन," त्या म्हणाल्या. "अन् माझ्या एका बोलन्यानं त्या बंडूभटाचं वाटोळं झालं. कधी वाटे, नाही, त्यानंच दहा खाल्ले, अन् म्हनून हे गेले. एक दिवस स्वतःले बोल लावो, एक दिवस त्याले. तुमचं नाव कधी आलं नाही मनात."

मी मान खाली घातली.

"दहानं कोनी वाचत नाही, हे समजते मले. मी काही खुळी नाही," त्या म्हणाल्या. "पन बोललेले हजार होते. दहा राह्यले. बंडूभटाले इचारा, म्हनन काय? तुमी नका म्हनू. त्यानंच म्हनाव."

ते विचारायला हे पत्र. आला नाहीस तरी त्यांना कळवीन की तू नाही म्हणालास आणि तसं म्हणायचा तुला हक्क आहे.

वसंत


अकोला
गुरुवार, ८ डिसेंबर १९६६

दादा,

मंगळवारी तू येशील असं मला वाटलं नव्हतं. वहिनींच्या कार्डावर फक्त 'मंगळवारी दहा वाजता' असं होतं. मी सकाळच्या गाडीनं आलो. या वेळी बडनेऱ्यात यार्डाच्या बाजूच्या खिडकीशी बसलो होतो. तू यार्डात नव्हतास, तू तेव्हा रुख्मिणीबाईंच्या विहिरीवर हातपाय धूत असशील.

मी पोचलो तेव्हा बाबा आत भिंतीला टेकून बसले होते आणि बाईंनी डबी मांडीवर घेतली होती. मला पाहून त्या म्हणाल्या, "तुमी बाहेर बसा." मी पायरीवर बसलो. चपला तिथेच होत्या, तुझ्या, बाबांच्या. मी त्यांच्या शेजारी बसलो.

मग तुझा आवाज आला.

पहिल्या आवर्तनाला तो थोडा जाड होता, घशात कोळशाची धूळ असल्यासारखा. दुसऱ्याला मोकळा झाला. तिसऱ्याला समोरच्या घरातली बाई सूप हातात घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. मी लहानपणी तुझ्या आवाजानं जागा व्हायचो, दादा. तो आवाज मी राजापेठेतून घालवला आणि बारा वर्षं मालगाड्यांच्या आवाजात पुरून टाकला. मला कोणी मोजायला सांगितलं नव्हतं. तरी बोटांच्या पेरांवर मोजत होतो. मोजायची मला सवयच आहे.

शेवटी तू फलश्रुती म्हणालास. बाईंनी डबीचं झाकण लावल्याचा आवाज आला. मग तू बाहेर आलास, पायरीवर माझ्या शेजारी टेकलास, आणि चपलेत पाय घालता घालता माझ्याकडे न बघता विचारलंस, "किती झाले?"

त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हे पत्र लिहितोय. माझ्या बोटांवर नऊ होते. तिसऱ्या-चौथ्याच्या सुमारास कधीतरी माझे डोळे भरून आले आणि एक पेर सुटलं असणार. दहा झाले होते हे मला माहीत होतं. तू फलश्रुती म्हणाला होतास, बाईंनी झाकण लावलं होतं. 'दहा' म्हटलं असतं तर ते खरंच ठरलं असतं, आणि मी नीट मोजलं असं तुला वाटलं असतं. तसं वाटावं म्हणून माझा जीव तुटत होता. गणिताचा प्राध्यापक, आणि दहापर्यंत मोजता येईना. 'दहा' हा शब्द अगदी जिभेवर होता.

"नऊ," मी म्हणालो. "माझे नऊच झाले, दादा. एक सुटलं माझ्याकडून."

तू चपलेचा पट्टा ओढून बसवलास. उभा राहिलास. धोतर झटकलंस.

"दहा झाले," तू म्हणालास. "मी मोजले."

तू आता म्हणताना मोजतोस, हे मला माहीत नव्हतं. ते तुला कोणी शिकवलं ते माहीत आहे.

तू गल्लीच्या तोंडापर्यंत गेलास. मला वाटलं संपलं, आणि एवढंही पुष्कळ झालं. तिथून वळून तू म्हणालास, "पुढच्या मंगळवारी बाबापाशी शंभर म्हनतो. मोजाले येजो."

येतो, दादा. सुपाऱ्या बाबांकडे आहेत. दुर्वा मी आणतो.

वसंत